जोडलेले हात

मंगळवार, तिन्हीसांजा. कडेगाव.

आज डोंगराकडच्या रानात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बाभळीवर खंडोबाचा किडा हात जोडून बसला होता. शेजारून हिरवागार, झळाळता सोनकिडा चालत आला. ते जोडलेले हात सुटले आणि करवतीसारखे त्याच्यावर मिटले. मग मानेपासून खाणं सुरू झालं. सोनकिड्याचे पाय हलतच होते. पाठ एवढी कठीण, एवढी देखणी, काय उपयोग झाला?

चौथीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं काय शिकवलं? हा देवाचा भक्त, याला मारू नये. त्यावर कविता रचून पोरांकडून चालीत म्हणवून घेतली. सदानं वर्गाच्या खिडकीतला असा एक किडा दगडानं ठेचला, तेव्हा छडी मोडेपर्यंत मी त्याला मारलं. तळहात फुटले त्याचे. एकच सांगत होता, "गुरुजी, त्यानं माझा काडेपेटीतला सोनकिडा खाल्ला." मी म्हटलं, खोटारड्या, जोडलेल्या हातांनी कोण खातं?

परतताना सदाच्या टपरीवर थांबलो. फौजेतून आलाय, पन्नाशीचा झालाय. त्याला सगळं सांगितलं.

"आवं गुरुजी, किड्याचं काय घिऊन बसलाय? फौजेत त्याच्यापरीस लय मार खाल्लाय."

"पण तू खरं बोलत होतास."

चहा गाळता गाळता तो थांबला.

"व्हय. समद्या वर्गानं बघितलं हुतं. तुमच्या भ्यानं कुणी बोललं न्हाई."

चाळीस पोरं होती त्या वर्गात.