हितं कोण गाणार न्हाई

९ जाने., गुरु.
सांगलीत डिकॉस्टा सरांकडे जॅझ पियानोचा चौथा तास. डावा हात पुन्हा तेच. तीस वर्षं ह्यांच्या भजनाला पेटीची साथ केली, त्यात डाव्याने नुसता भाता मारला. आता उजवा सूर धरतो आणि डावा हवेतच हलतोय. सर हसले, मीही. साठीला हे खूळ.

१७ जाने., शुक्र.
घरी कीबोर्डवर, दार लावून. ह्यांच्या घशाच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. गाता आवाज गेला, कुजबुज राहिली. ह्यांनी टाळ कपाटात ठेवून किल्ली फिरवली. मग ह्यांच्यासमोर पेटी कशी उघडू? म्हणून हे परकं संगीत. यात ह्यांची उणीव जाणवणार नाही, असं वाटलं होतं.

२३ जाने., गुरु.
रहिमतपूरहून पॅसेंजर. बाहेर उसाचे तुरे, ऊन. मांडीवरच्या पिशवीवर डावी बोटं चालूच. शेजारची बाई म्हणाली, "आवं, हाताला मुंग्या येत्यात व्हय?" हो म्हटलं. भिलवडी कधी गेलं, कळलं नाही.

६ फेब्रु., गुरु.
सर खूश. मी सूर किंचित मागे टाकते, ते म्हणे शिकवून येत नाही. गाणाऱ्याच्या मागोमाग जायची सवय, दुसरं काय. मग एकटीने वाजवायची जागा आली आणि मी थांबले. नेहमीसारखी, कुणीतरी सूर लावायची वाट बघत.
"बाई, थांबू नका. हितं कोण गाणार न्हाई."
डोळे भरून आले. सरांना कारण ठाऊक नाही.

१३ फेब्रु., गुरु.
जॅझमध्ये टाळी समेवर नाही, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. माझी पहिलीवरच पडते. आणि शेवटी सा वर यायचं नाही, सूर तसाच लोंबता सोडायचा. घरी येईपर्यंत तो कानात होता. छान वाटत होतं, कसंतरीही.

१६ फेब्रु., रवि., दुपार
आज थांबले नाही. बोटं आपली आपण कुठं कुठं जाऊन आली. मध्येच दाराबाहेर टकटक. ह्यांचं बोट असणार, खुर्चीच्या हातावर. दुसरी, चौथी. दुसरी, चौथी. मला अजून जमत नाही ते.
म्हणजे हे रोज ऐकत होते.
उठले नाही, वाजवत राहिले. चहाला हे कुजबुजले, "दार कशाला लावतीस गं? नीट ऐकू येत न्हाई."

२० फेब्रु., गुरु.
गाडीची वेळ झाली. निघताना पाहिलं, टाळांच्या कपाटाला किल्ली लावलेली. उघडलं होतं की नुसतीच लावून ठेवली, कळेना. विचारायचा धीर झाला नाही. संध्याकाळी दार सताड उघडं ठेवून बसणार आहे.