या पत्त्यावर राहत नाही

मस्कत,
२२ डिसेंबर २०२४

ती. केशरआत्यास,
प्रियदर्शनीचा सा. जय भीम. वि. वि.

तुझी तिळाची चटणी पोचली. डबा उघडला आणि रूममधल्या तिन्ही केरळी पोरींनी बोटं घातली, मला निम्मीच मिळाली.

आता मोठी बातमी. आत्या, आयर्लंडच्या एका हॉस्पिटलनं मला नर्स म्हणून घेतलं! इंग्रजीची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले, ती ह्याच्यासाठीच. इथलं काम मार्चअखेर संपतंय आणि पुढं वाढवणार नाहीत, त्यामुळं हे जमलंच पाहिजे. २८ फेब्रुवारीच्या आत व्हिसाचे सगळे कागद जमा करायचे आहेत. बहुतेक झालेत, एक इंडियातून यायचाय, तो येईल. तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून जास्त लिहीत नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाची मशीन तू डब्यात जपून ठेवतेस, म्हणून आपलं हे कागदावर लिहून फोटो पाठवायचंच बरं आहे. पप्पांच्या शिलाई मशीनवर पाण्याचा हंडा ठेवू नकोस, गंज चढेल. मी इकडं आल्यापासून पाच वर्षं ते जपलंस, अजून थोडं जप.

तुझी,
प्रियदर्शनी


टेंभुर्णी,
४ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
आत्याचे आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

आधी पाणी पी, मंग पुढचं वाच. परवा दुपारी मी अंगणात तुरी झोडपून राह्यले होते, तर दारात मोटारसायकलवर पोलीस आल्ता. नवा हवालदार दिसला, आपल्याला वळखत न्हाई. त्यानं तुझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. मला वाटलं, तुला धरायलाच आला. पण तोंडावर दिसू दिलं न्हाई. सरळ सांगून टाकलं, ह्या नावाचं इथं कुणी राहत न्हाई. तातेराव वारले, मी म्हातारी एकटी, ऐकू येत न्हाई.

तो शेजारच्या सत्यशीलाकडं गेला. ती कुडाआडून ऐकतच होती. तिनं पण सांगितलं, अशी कुणी पोरगी आम्ही पाह्यली न्हाई. पारावरच्या दोघा-तिघांनी तेच सांगितलं. कुणाला काही शिकवावं लागलं न्हाई, आपली गल्ली आहेच तशी. शेवटी त्यानं कागदावर सही मागितली. मी म्हणले शिकलेली न्हाई, आणि अंगठा दिला. बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाईनं अंगठा दिला! सत्यशीला हसून हसून पडली.

आता तू खरं खरं लिही, तिकडं काय झालं? कुणाशी भांडण? औषधाची काही चूक? काही असलं तरी मी तुझ्या पाठीशी हाये. जे असल ते आपण निस्तरू. तिकडून कुणी विचारलं तर तू पण काही माहीत न्हाई म्हण.

तुझी काळजी करणारी,
केशरआत्या


मस्कत,
७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. जय भीम. वि. वि.

मी काही केलेलं नाही. ते पोलीस मला धरायला आले नव्हते, आत्या. माझ्या नावावर काही गुन्हा नाही असा दाखला मला पाहिजे होता. मीच इथल्या एम्बसीत अर्ज केला. मग पासपोर्टवरच्या पत्त्यावर माणूस येऊन विचारतो की ही बाई इथलीच का, चालचलणूक कशी. हो म्हटलं की संपलं. इथल्या पोलिसांनी असाच दाखला मला चार दिवसांत दिला. ज्यांनी मला पाच वर्षंच पाह्यलं त्यांनी! आणि माझ्या घरून काय लिहून आलं? आज एम्बसीच्या खिडकीवरच्या माणसानं स्क्रीन फिरवून दाखवली : अर्जदार या पत्त्यावर राहत नाही, शेजाऱ्यांना माहीत नाही, घरातील अशिक्षित वृद्धेचा अंगठा घेतला.

मी तिथंच रडले. परदेशी माणसासमोर नाही, आपल्याच माणसासमोर, त्याची जास्त लाज वाटली. आई गेल्यावर तू मला मांडीवर घेतलंस, त्याच घराच्या दारात उभं राहून मला ओळखत नाही म्हणालीस? आणि अंगठा? मला अक्षर गिरवायला शिकवलं ते कुणी?

दाखला आला नाही तर आयर्लंडचं काम जातं. पुन्हा बोलावतील की नाही माहीत नाही. मी तुला आधी समजावून लिहायला पाहिजे होतं, ही माझी चूक. पण तू असं का केलंस ते मला कळलंच पाहिजे.

रागातच लिहिलंय, तसंच वाच.
प्रियदर्शनी


टेंभुर्णी,
१४ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
जय भीम. वि. वि.

तुझं पत्र येऊन सात दिवस झाले. रोज कागद काढला आणि ठेवून दिला. आज विहारात नामविस्तार दिनाची वंदना झाली. तुझ्या बापाच्या वेळचे दोघंच उरलेत, ते पुढं बसले होते. घरी आले आणि लिहायलाच बसले.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून मोर्चे निघत होते तेव्हाची गोष्ट. दादा, म्हणजे तुझा बाप, त्यात पुढं असायचा. मी वीस वर्षांची, नवरा वारून माहेरी आल्ते. दादानं तलाठ्याच्या नोकरीचा अर्ज केल्ता. एक दिवस दुपारी दोन पोलीस दारात आले. तातेराव खरात इथंच राहतो का, असं विचारलं. मला वाटलं नोकरीचीच चौकशी आली. मी येडी, खुशीत मोठ्यानं सांगितलं, हो इथंच राहतात, जेवायला बसलेत, या ना. ते आले आणि त्याला घेऊन गेले. एकोणीस दिवस जेलात ठेवलं. नाव ठाण्याच्या वहीत लागलं. नोकरीसाठी चांगल्या वागणुकीचा दाखला मागितला तर तो मिळाला न्हाई, आणि नोकरी गेली. जलमभर त्यानं ते शिलाई मशीन चालवलं. मला एका शब्दानं बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ठरवलं, दारात खाकी दिसली की आपल्या घरातलं कुणी घरात न्हाई. तेव्हा मला वाटलं नोकरीसाठी आलेत, तर ते धरायला आल्ते. आता वाटलं धरायला आलेत, तर ते नोकरीसाठी. दोन्ही बाऱ्या मीच चुकले, पोरी.

पण आता रडत बसायची न्हाई. उद्या सकाळी ठाण्यात जाते. अंगणवाडीचं जुनं रजिस्टर, तुझा शाळेचा दाखला, रेशनकार्ड, सगळं पिशवीत भरलंय. कानाची मशीन पण काढली. तू तारखेची काळजी कर, बाकीचं मी बघते.

राग असू दे, पण जेवत जा.
आत्या


टेंभुर्णी,
२४ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
जय भीम. वि. वि.

सगळं सांगते, घाई करू नको. ठाण्यात गेले तर तोच हवालदार. मला बघून म्हणाला, अंगठेवाली मावशी आली. मी त्याच्या टेबलावरचा पेन घेतला आणि त्याच्यासमोरच दीड पानी अर्ज लिहून दिला. वाचता वाचता त्याचे डोळे मोठे झाले. त्याला म्हणले, तुझा काही दोष न्हाई बाबा, आम्ही सांगितलं तेच तू लिहिलंस, खोटं मी बोलले. पण त्याचा कागद आधीच जालन्याला गेल्ता. तिथून परत चौकशीचा हुकूम आला तरच तो पुन्हा येऊ शकत होता.

मंग जालन्याचे हेलपाटे. पह्यल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी कंप्युटर बंद. तिसऱ्या दिवशी बाकावर भाकर सोडून बसले, तर तिथला बाबू म्हणाला सोमवारी या. मला ऐकू आलं न्हाई. पुन्हा वरडून म्हणाला. पुन्हा ऐकू आलं न्हाई. खरं सांगू का, त्या दिवशी मशीन कानातच होती! अख्खं हापिस हसून राह्यलं, पण मला साहेबापुढं नेलं.

साहेब म्हणजे एक बाई निघाली, तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असल. तिनं विचारलं, पह्यल्यांदा खोटं का सांगितलं. मी दादाचं सगळं सांगितलं, काही झाकलं न्हाई. मंग रजिस्टर उघडून दाखवलं. प्रियदर्शनी तातेराव खरात, वय तीन वर्षं, वजन अकरा किलो, शेरा : खिचडी थुंकते. त्या बाईनं ते दोनदा वाचलं आणि तिथल्या तिथं हुकूम काढला.

काल हवालदार परत आला. सगळी गल्ली आधीच अंगणात जमली होती. सत्यशीला तर नवं लुगडं नेसून आल्ती. तो बिचारा ओशाळून म्हणाला, मावशी, आता माहीत हाये मला, लिहून घेतो. मी म्हणले न्हाई, बराबर विचार, पह्यल्यासारखा. मंग त्यानं दारात उभं राहून विचारलं, प्रियदर्शनी तातेराव खरात इथंच राहते का. मी मोठ्यानं सांगितलं, हो, इथंच राहते, आमचीच हाये. बोलताना दाराची चौकट धरून ठेवली होती. पण त्यानं फक्त लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला. कुणालाच नेलं न्हाई.

सही केली, पूर्ण नावानं. अंगठ्याचा बट्टा धुतला.

जल्दी कळव. देव्हारा न्हाई आपल्यात, न्हाई तर नवस बोलले असते.
तुझी आत्या


मस्कत,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. जय भीम. वि. वि.

आला! आत्या, दाखला आला! खिडकीवरचा माणूस तोच होता. म्हणाला, तुमच्या आत्यांनी लिहिलेला अर्ज सोबत जोडून आलाय, अक्षर फार सुंदर आहे. आजच सगळे कागद जमा केले. अकरा दिवस राखून. दाखल्याचा फोटो सोबत पाठवतेय.

मागच्या पत्रात फार कडक लिहिलं, ते मनातून काढून टाक. आणि एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. मला वाटत होतं तुला माहीत असेल. पप्पा आजारी होते तेव्हा मला सांगायचे, त्या वेळी कितीतरी पोरांना घरच्यांनी कडब्यात, कोठीत लपवलं, आणि ते मान खाली घालून सापडले. पप्पा म्हणायचे, मी मात्र भाकर संपवली, हात धुतले आणि माझ्याच दारातून ताठ निघालो, कारण माझ्या बहिणीनं माझं नाव मोठ्यानं सांगितलं होतं. हे सांगताना त्यांच्या तोंडावर हसू असायचं. आत्या, त्यांना तुझा राग कधीच नव्हता. तू उगाच इतकी वर्षं ते ओझं वाहिलंस.

मशीन कानात घालत जा. आता फोन करीन तेव्हा ऐकू आलं नाही हे मी मानणार नाही.

तुझीच, त्याच पत्त्यावरची,
प्रियदर्शनी


टेंभुर्णी,
२० फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
जय भीम. वि. वि.

दादाचं वाचलं. पत्र घेऊन शिलाई मशीनजवळ बसले आणि पोटभर रडून घेतलं. सत्यशीलाला वाटलं दाखला आला न्हाई. तिला सांगितलं की आलाय, तर ती म्हणे मंग रडतीस कशाला. तिला काय सांगावं?

तुझ्या दाखल्याच्या फोटोची झेरॉक्स काढली आणि काच लावून दादाच्या फोटोखाली टांगली. इंग्रजी हाये, पण शाळेतल्या मॅडमनं वाचून अर्थ सांगितला. तुझं नाव, पुढं तातेराव खरात यांची मुलगी, आणि खाली, हिच्याबद्दल काही वाईट आढळलं न्हाई. मी मॅडमला तेवढंच तीनदा वाचायला लावलं. तुझ्या बापानं अशाच एका कागदासाठी ठाण्याचे चार महिने हेलपाटे घातले होते. आज त्याचं नाव त्या कागदावर आलं.

जा आता बिनघोर. तिकडं कुणी घर विचारलं तर मोठ्यानं सांग.

केशरबाई खरात
(सही, अंगठा न्हाई)