धाकट्याची गाठ

रविवार, ३ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुम्ही, जाऊबाई आणि गोठ्यातली मंडळी खुशाल आहात असं धरून चालते. माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी लक्ष देत नाही, त्यामुळे तोही हल्ली कमी बोलतो. हे गेले तेव्हा तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल हे पत्र नाही.

दुकान अजून उघडते. विकत काही नाही. झाडते, लशींच्या फ्रिजचा काटा बघते, स्टुलावर बसून वाचते. आठवतं ना, मी वाचायला शिकले ती जनावरांच्या औषधांच्या खोक्यांतल्या घडीच्या कागदांवर. 'दुष्परिणाम' हा मला आलेला पहिला अवघड शब्द. तुमचे भाऊ म्हणायचे, "लग्नाआधी वाचता आला असता तर वाचली असतीस."

परवा औषध निरीक्षक बाई आल्या होत्या. बोलायला सभ्य. म्हणाल्या, "आजी, परवाना माणसाच्या नावाचा असतो, भिंतींच्या नाही." मी म्हटलं, "ठाऊक आहे, कायदा दोनदा वाचलाय." महिनाअखेरीपर्यंत औषधशास्त्र शिकलेलं कुणी उभं राहिलं नाही, तर सगळा माल परत द्यायचा आणि शटर ओढायचं. तसं शिकलेलं आपल्या घरात एकच माणूस उरलं आहे. कोण, ते मी लिहीत नाही.

लाल पट्ट्या शिवणाच्या डब्यात अजून आहेत. औषध टोचलेल्या गाईचं दूध, औषध अंगातून उतरेपर्यंत, माणसांना द्यायचं नाही हा नियम. लोक विसरतात, म्हणून यांनी बाटलीबरोबर लाल पट्टी द्यायची पद्धत पाडली. गाईच्या पायाला बांधा, मुदत संपली की सोडा. त्यापायी माझे पडदे गेले, उशांचे अभ्रे गेले, लाल शाल गेली. मी म्हणायचे, "माझा संसार गाईंच्या पायांत गेला." तुम्ही माझी बाजू घ्यायचात आणि पट्ट्याही तुम्हीच फाडायचात. गाठ तर तुमचीच. गाय बसो, लोळो, सुटायची नाही. यांना ती काही जमेना. संध्याकाळी मागच्या पायरीवर आपला चहा व्हायचा, आणि तुम्ही स्टुलाच्या पायावर यांना गाठ शिकवायचात. औषधांचा आणि चहाचा मिसळून एक वास यायचा. आता औषधं आहेत, चहाही आहे, तो वास येत नाही.

मग तुमच्या तांबड्या गाईची पट्टी मुदतीआधी सोडली गेली आणि दूध केंद्रावर गेलं. यांनी सगळ्यांदेखत तुमचा कॅन गटारात ओतला. तुम्ही म्हणालात, "भाऊ आहेस की फौजदार?" हे म्हणाले, "दुकानदार." कुणी एक शब्द कमी बोललं असतं तर भागलं असतं, पण आपल्या घराला ती सवय नाही. मी तेव्हा यांच्या बाजूची होते, आजही आहे. ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात गेलं असतं. मात्र कॅन ओतून आलेला माणूस त्या दिवशी जेवला नाही, हेही मीच पाहिलं.

शेवटच्या आजारात यांना जालीम औषधं सुरू झाली. तर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. पट्टी आण." डाव्या मनगटाला, उजव्या हाताने आणि दातांनी, स्वतःच बांधली. अर्धी दुपार खटपट चालली होती. मग हात वर करून दाखवला. "बघ. धाकट्याची गाठ. जमली एकदाची. त्याला कळव."

मी म्हटलं, "तुम्हीच कळवा."

त्यांचंही कळवायचं राहिलं आणि माझंही.

गेले तेव्हा मनगट इतकं बारीक झालं होतं की पट्टी न सोडताच हातातून निघाली.

ती या पाकिटात घालणार होते, घातली नाही. पोस्टाने पाठवायची वस्तू नव्हे ती. गल्ल्याशेजारच्या खणात ठेवली आहे. मी सोडून पाहिली, नखं दुखली. ज्याची गाठ त्यालाच सुटेल. मुदत तर केव्हाच संपली आहे, भाऊजी.

महिना संपायच्या आत या. दुकान चालवायचं की नाही, ते मागच्या पायरीवर बसून ठरवा. आधण मी दोघांचं ठेवते.

शटर अर्धं वर ठेवून बसलेली,
तुमची वहिनी