ठेच्याची निवड

प्रिय आईस,

बुडापेस्टहून तुझ्या गेर्गेलीचा नमस्कार. तब्येत ठणठणीत आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

अंतराळात म्हणे नाक चोंदतं आणि जेवण बेचव लागतं. तिथे कोणती चव टिकते, हे शोधायला आपल्या देशाचा एक माणूस वर जाणार. निवडीच्या चाचणीत आम्हा प्रत्येकाला घरची एक चव द्यायची होती. मी तुझा लाल मिरचीचा ठेचा दिला, पण चमच्याच्या टोकावरच घ्यायचा हे सांगायला विसरलो. डॉक्टरांनी पावाला फासून खाल्ला आणि डोळे पुसत विचारलं, "तुमच्याकडे हे माणसं खातात?"

काल निकाल लागला. माझ्यासोबतची डोरोट्या जाणार, मी राखीव. वाईट वाटलं नाही, फारसं. माझी निवड होऊ नये म्हणून तू चर्चमध्ये मेणबत्त्या लावायचीस, बाबांनी सांगितलं. आता निवांत झोप.

ठेचा मात्र निवडला गेलाय. त्याच्यासाठी लाव एक.

तुझा,
गेर्गेली