सार्थकचं दूध

भोसरी,
मंगळवार

प्रिय पुनम,

तुझा मेसेज आठ दिवस माझ्या फोनमध्ये पडून आहे. सार्थकचं दूध आणि गहू बंद करून तीन महिने झाले, वजन तीन किलोनं उतरलं, आता पोरगं नुसत्या चुरमुऱ्यांवर आणि भाताच्या चार घासांवर आहे, तर अजून किती दिवस रेटायचं? तुझ्या स्वरूपाला फरक पडायला किती दिवस लागले होते? एवढंच तू विचारलंस आणि शेवटी लिहिलंस, तू म्हणशील तेवढे दिवस करीन. फोन केला तर मी काहीतरी गोड बोलून मोकळी होईन, माझी मला खात्री आहे. म्हणून कागद घेतलाय. हे उत्तरच आहे, पण जरा लांबून येणार आहे. मधे टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

आमच्या खोलीवर तू एकदाच आलीस आणि त्या दिवशी मी सगळं झाकपाक करून ठेवलं होतं. खरं कसं चालायचं ते ऐक. ऑटिझम बरा करू म्हणणाऱ्या आपल्या संस्थेच्या बाईंनी काय काय बंद करायचं त्याची यादी दिली आणि मी दहावीच्या परीक्षेला बसल्यासारखी कामाला लागले. जर्मनची पातेली भंगारात दिली, प्लॅस्टिकचे डबे शेजारणीला, फिनेल बंद, डासांची कॉइल बंद. डासांना आमच्याइतकं चांगलं घर त्या वर्षी भोसरीत दुसरं मिळालं नसेल. आमचे हे पावडर कोटिंगच्या शेडमधून यायचे ते थेट बाहेरच्या मोरीत. कपडे वेगळ्या बादलीत, आणि आंघोळ झाल्याशिवाय लेकीला हात लावायचा नाही. बारा तास उभा राहून आलेला माणूस पंचा गुंडाळून दारात कुडकुडतोय आणि मी आतून विचारतेय, केस धुतले का? वर बाई म्हणायच्या, घरातली हवा शुद्ध ठेवा. आमच्या खोलीखाली दोन लेथ, पलीकडे प्लेटिंगवाला. खिडकी उघडली की त्याचा ॲसिडचा वास, लावली की जीव गुदमरतो. शेवटी मी खिडकीला ओली चादर लावून बसायचे.

सासूबाईंचं मात्र माझ्या मनाला अजून लागतं. धूर नको म्हणून मी उदबत्ती बंद केली, तर त्या न पेटवलेली काडी देवापुढे ओवाळायच्या आणि परत पुड्यात ठेवायच्या. एकच काडी, चार महिने.

आणि दूध-चपाती. तुला माहीत आहे, तेव्हा स्वरूपाला सातवं लागलं होतं तरी शब्द नव्हता, आणि खाण्यातल्या गोष्टी मोजून चार. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की दूध-गहू काढल्यानं ऑटिझम कमी होतो असा पुरावा नाही, आणि जी मुलगी चारच गोष्टी खाते तिच्या दोन काढून घेऊ नका. ते डॉक्टर मला कोरडे वाटले. घाईत होते, माझ्याकडे नीट बघितलंही नाही. बाई कशा पाठीवर हात ठेवून बोलायच्या. मी बाईंचं ऐकलं.

स्वरूपाला भूक लागली की ती माझं बोट धरायची. उजव्या हाताची करंगळी, तीच, दुसरं बोट चालायचं नाही. ओढत ओट्याशी न्यायची आणि माझा हात दुधाच्या पातेल्यावर नेऊन ठेवायची. दिवसातून तीनदा तरी. साऱ्या जगात ती माझ्याकडे तेवढंच एक मागायची. दूध बंद केल्यावरही ती मला ओढत राहिली. मी तिचा हात सोडवायचे आणि केळं पुढे करायचे. केळं भिरकावायची, रडायची, थोड्या वेळानं पुन्हा येऊन करंगळी धरायची. असे बारा दिवस. तेराव्या दिवशी तिनं बोट धरलं नाही. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बघा, सवय सुटली, हीच तर सुरुवात असते. मी घरी येऊन सगळ्यांना तसंच सांगितलं.

आता तो चिंचवडच्या मेळाव्याचा रविवार. तू तेव्हा नवीन होतीस, शेवटच्या बाकावर बसली होतीस. संस्थेची रीत तू बघितलीच आहेस, माईक हातोहात फिरतो आणि प्रत्येक आईनं उभं राहून सांगायचं, काय काय बंद केलं आणि काय फरक पडला. माझ्या आधी शालनबाई उठल्या, त्या नागसेनच्या आजी. म्हणाल्या, काईच फरक नाई बाई, उलट वाळलंय लेकरू. बाई हसत हसत माईकमध्ये म्हणाल्या, घरात कुणीतरी चोरून देत असणार, आजीची माया आड येते. सगळा हॉल वळून शालनबाईंकडे बघायला लागला. त्या म्हाताऱ्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि ती खाली बसली. आणि माईक माझ्या हातात आला. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्यांची ती एक काडी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी म्हणाले, आमची स्वरूपा परवा 'आई' म्हणाली. किती टाळ्या झाल्या गं! बाहेर चपला घालताना तू माझा हात धरलास आणि विचारलंस, खरंच म्हणाली? मी म्हणाले, हो, दोनदा.

त्याच आठवड्यात तू सार्थकचं दूध तोडलंस. त्याच्या आधी तुमच्या निघोजेच्या घरी मी आले होते तो दिवस मला आठवतो. गोठ्यात तुमच्या चंद्री म्हशीच्या पोटाला पाठ टेकून तो बसला होता. माझ्या मुलीसारखाच, माणसांकडे न बघणारा, पण चंद्रीच्या श्वासाबरोबर डोलत होता आणि मधूनच 'चन्नी' म्हणत होता. नऊ वर्षांत त्याचा तो एकच शब्द, तू किती कौतुकानं सांगितलं होतंस. मग दूध बंद झाल्यावर धारेच्या वेळी तो बादलीकडे धावायला लागला, खांबावर डोकं आपटायला लागला, आणि तुझ्या सासूबाईंनीच, सारजाबाईंनी, चंद्रीला विकायचा निर्णय घेतला. त्यांचं बोलणं तू मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलंस. जनावर काय, पुन्ना घेता यील, आमाला पोरगं बोलाया पायजे. त्या भोसरीच्या बाईची पोर बोलली न्हवं? चंद्रीला टेम्पोत चढवताना सार्थक फाटकाचे गज धरून उभा होता आणि तेव्हापासून 'चन्नी' म्हणत नाही, हे तू जाता जाता सांगितलंस. मी म्हणाले, धीर धर.

पुनम, स्वरूपा कधीच 'आई' म्हणाली नाही. एकदाही नाही. त्या रविवारी टाळ्या घेऊन घरी आले आणि आठ दिवसांत तिचं दूध-चपाती पुन्हा सुरू केलं, कारण तिच्या बरगड्या मला बघवेनात. तू तिकडे सार्थकची बादली लपवत होतीस तेव्हा मी इकडे वाटीत चपाती कुस्करत होते आणि तुला धीराचे मेसेज पाठवत होते. किती दिवस लागले, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण ते झालंच नाही. हे वाचून होताच त्याला दूध दे. पिशवीचं असेल, चंद्रीचं नाही म्हणून कदाचित तोंडही लावणार नाही, तरी रोज समोर ठेव, आणि उद्याच त्याला डॉक्टरांकडे नेऊन वजन दाखव. पुढच्या रविवारी हॉलमध्ये उभी राहून खरं सांगेन असं मोठं बोलायला मी धजत नाही. बाईंनी मला आता पहिल्या रांगेत बसवलंय आणि नव्या आया माझ्याकडे बघत असतात. सारजाबाईंना माझं नाव सांग, शिव्या घालू देत. त्यानं म्हैस परत येणार नाही हे मला कळतं. आमच्याकडेही परत आलं नाही. वाटी ओट्यावर ठेवली की स्वरूपा येते, आपली आपण खाते आणि निघून जाते. भूक लागली की एकटीच ओट्याशी जाऊन उभी राहते. मी शेजारी उभी असते, करंगळी पुढे करून. ती धरत नाही.

तुझीच म्हणवून घ्यायचं तोंड मला राहिलेलं नाही, तरीही,
तुझीच,
स्वप्नाली