तार तोडल्यानंतरचा भाव

मी, बंदरावर जिला सगळे 'तारवाली' म्हणतात ती, वय एकाहत्तर, गुडघे सोडून बाकी शाबूत आणि डोकं तर जरा जास्तच शाबूत असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचा कागद कुणी दाखवला तर तो खोटा समजावा.

१. राहती खोली आणि पोस्टातली शिल्लक लेकीला. शिवणयंत्र धाकट्या जावेला. तिने ते दोन दिवसांसाठी म्हणून नेलं, त्याला बारा वर्षं झाली. आता हक्काने ठेवावं.

२. दोर वळायचं चाक लेकीला. ते तिच्या वडिलांनी बनवलं. स्वातंत्र्य आलं तरी धाग्याची कंपनी परदेशीच राहिली. घायपाताचा धागा आपण जहाजाने पाठवायचा आणि त्याच धाग्याचा दोर विकत आणून धाग्याच्या पुढच्या गाठी, म्हणजे गठ्ठे, बांधायच्या, याने त्यांचं डोकं फिरायचं.

३. आता कबुली. क्रांतीच्या वर्षी कामगारांनी कंपनीचं ऑफिस ताब्यात घेतलं. तिथला टेलिप्रिंटर मी चालवायची. रोज सकाळी नऊला त्यावर परदेशातून धाग्याचा भाव यायचा. आता भाव आपणच ठरवायचा, म्हणून त्याची तार मी स्वतः पकडीने तोडली. दुसऱ्या दिवशी नऊला यंत्राने भाव छापला. आमच्या कामगार समितीचे अध्यक्ष म्हणजे सहा वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. तुटकं टोक हातात धरून त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "बाई, लिहा धक्क्यावरच्या भावाच्या फळ्यावर. आणि कुठे बोलू नका." जहाज आलं आणि त्याच भावाने माल घेऊन गेलं.

एकदा नवऱ्याच्या भरीला पडून मी फळ्यावर दोनने जास्त लिहिलं. जहाज अकरा दिवस उभं राहिलं आणि रिकामं गेलं. गाठी कुजल्या. ज्या कामगारांसाठी लिहिलं त्यांनीच माझ्या नवऱ्याशी बोलणं टाकलं. यांनी हाय खाल्ली, वर्षाच्या आत गेले. तुटक्या तारेचं ठाऊक असूनही अध्यक्षांनी यांची बाजू घेतली नाही, त्यांना मी माफ केलेलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी यंत्र मोडीत गेलं. तेव्हापासून नऊ वाजले की आकडा माझ्याच डोक्यात येतो, तोच मी फळ्यावर लिहिते आणि जहाज त्याच भावाने माल नेतं. एकदाही चुकलेला नाही. मला त्याची भीती वाटते.

४. गेल्या मंगळवारी मी तापाने पडून होते. लेक भांडी घासत होती. नऊला घासता घासताच म्हणाली, "एकशे बारा."

"काय गं?"

"कुठे काय? मी बोलले का काही?"

म्हणून अट घालते. लेकीने माझ्या जागी नोकरी धरू नये. मी गेल्यावर फळा कोरा ठेवावा आणि धागा इथेच वळावा. जहाज उभं राहील, राहू दे. बाळे, उपास पडले तरी चालतील, पण हात तुझा तुझ्याकडे असू दे.

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी. सही. (तारखेच्या जागी आकडा लिहिला होता, तो खोडून घेतला.)

साक्षीदार दुसरे: गोदामाचे मुकादम. सही. (तसंच. आकडाही तोच. दोघे म्हणतात, चुकून झालं.)

ठिकाण: बंदरामागची माझी खोली. वेळ: सकाळचे नऊ.

मृत्युपत्र करणारी: सही. माझ्या हाताचा भरवसा नाही, म्हणून तारीख लेकीकडून घालून घेत आहे.

दिनांक: १०९