क्वार्टरबॅकची दृष्ट

आई,

तुझा नातू फुटबॉल खेळतो. तू त्याला पाहिलंस तेव्हा तो सात महिन्यांचा होता. "नाक अगदीच बसकं आहे गं याचं," असं म्हणत तू त्याला मांडीवर घेतलंस आणि मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. ते नाक आता हेल्मेटच्या जाळीमागे असतं. इथला फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा नव्हे, नावातच काय तो पाय. लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचं नाहीतर फेकायचा, आणि समोरच्यांनी त्या चेंडूवाल्याला धरून जमिनीवर आपटायचं. दर डावाला चेंडू आधी ज्याच्या हातात येतो आणि कुणाकडे फेकायचा की स्वतःच पळायचं हे जो क्षणात ठरवतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तुझा नातू कॉलेजच्या टीमचा क्वार्टरबॅक आहे. मी काही मिरवत नाहीये हं, नुसती माहिती देतेय.

आम्ही अजून कॅनडात, एडमंटनमध्येच आहोत. त्याचं कॉलेज दुसऱ्या गावात, हायवेने काही तासांवर. शनिवारी तिथे मॅच असली की आम्ही दोघं सकाळी निघतो. ऑक्टोबरातच विंटर टायर्स लावायची वेळ येते, आणि स्टँडमधले अॅल्युमिनियमचे बाक असे गारठलेले असतात की ब्लँकेट आधी खाली घालायचं आणि मग बसायचं. आमच्या मागच्या रांगेत नेहमीचे तिघं असतात. एक रिटायर्ड मास्तर, त्यांची बायको, आणि घरोघरी फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, दुरुस्त करणारा एक आडदांड माणूस, जो याच कॉलेजात कधीतरी खेळला होता. त्यांचं भांडण ठरलेलं. मास्तर म्हणणार, पोराचा हात सोन्याचा आहे, त्याला मागे उभं राहून फेकू द्या, कोच उगाच त्याला पळवतो. फर्नेसवाला म्हणणार, पाय आहेत तर पळायला नको? मास्तरांची बायको थर्मासमधून सूप ओतत म्हणणार, कोचलाच बदला, म्हणजे तुमचं दोघांचं तोंड बंद होईल. ऐकायला मजा यायची. निवडणुकीच्या दिवसांत मिरजेच्या एसटी स्टँडवर बसल्यासारखं वाटायचं.

पण सप्टेंबरात पहिल्या तीन मॅच आपण जिंकलो आणि मास्तर मोठ्याने म्हणाले, "असा पोरगा या कॉलेजला इतक्या वर्षांत मिळाला नव्हता." फर्नेसवाल्यानेही मान डोलावली. मी मागे वळून म्हटलं, "तसा काही खास नाही तो. मोजेसुद्धा जागेवर ठेवत नाही." ते तिघं हसले. मास्तरांची बायको माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, बाई, तू फार कडक आई आहेस. मी पुढे तोंड करून बसले आणि माझ्या तोंडून कोण बोललं ते मला तेव्हाच कळलं.

मिरजेचं आपलं स्वयंपाकघर. तुझ्या मेसला जेवणारी मेडिकलची पोरं ओळीने पाटावर बसलीयत, तू पोळ्या वाढतेयस, मी ताक वाढतेय. माझा दहावीचा निकाल लागलाय. त्यातला एक जण म्हणतो, "मावशी, तुमची मुलगी हुशार निघाली हो, आमच्याच लायनीत येणार बघा." आणि तू तवा न सोडता म्हणतेस, "कसली डोंबलाची हुशार. अजून पोळीला पोळीचा आकार येत नाही." सगळे हसतात. मी ताकाचं भांडं तिथेच ठेवून मागच्या दारी जाऊन रडते. थोड्या वेळाने तू येतेस, मुठीत मीठ-मोहरी, माझ्यावरून ओवाळतेस, आल्यागेल्याची, कुणाकुणाची, असं पुटपुटत चुलीत टाकतेस, आणि तडतड आवाज झाल्यावर तुझा चेहरा जरा सैल होतो. तेव्हा मला तुझा फक्त राग आला होता. मी लहान असताना दादाचं काय झालं ते मला मावशीने सांगितलं, तू गेल्यावर. दादा कबड्डीत जिल्ह्याच्या संघात निवडला गेला त्या दिवशी तू मेसच्या पोरांना शिरा वाढलास आणि भर पंगतीत म्हणालीस की असा मुलगा कुणाच्या पोटी नाही. त्याच मोसमात त्याच्या गुडघ्याला खरचटलं, धनुर्वात झाला, आणि घरात रोज अर्धं मेडिकल कॉलेज जेवत असून तो गेला. त्यानंतर तू जन्मभर कुणाला चांगलं म्हणाली नाहीस. मला निदान एकदा सांगायचंस तरी गं.

मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. धनुर्वात कशाने होतो ते मला ठाऊक आहे. तरीसुद्धा मी काय केलं ते ऐक. या टीमच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान आहे. मागच्या रांगेत जे तोंडाने चालतं ते तिथे आठवडाभर लिहून चालतं. हे रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून मला वाचून दाखवायचे. आपल्या पोराबद्दल काय काय लिहायचे लोक, यांची तर छाती फुगायची, आणि मी सिंकशी उभी राहून भांडी जोरात आपटायची. शेवटी एका दुपारी ऑफिसच्या लंचमध्ये मी त्या पानावर खातं उघडलं. नाव घेतलं एका गोऱ्या माणसाचं वाटेल असं. आणि लिहिलं, पोरगा चेंडू फार वेळ धरून बसतो, धडकेला घाबरतो, याचं कौतुक जरा जास्तच चाललंय. लिहिलं आणि काय सांगू, अगदी तुझ्यासारखं हलकं वाटलं मला. मोहरी तडतडली जणू. मग दर मॅचनंतर लिहायला लागले. सुरुवातीला लोक मला शिव्या घालायचे. मला बरंच वाटायचं, चार शिव्या पोराच्या वाट्याच्या माझ्याकडे आल्या म्हणून.

मग आपण लागोपाठ दोन मॅच हरलो. पानावरचा वारा फिरला. माझ्या जुन्या ओळी कुणीकुणी वर काढल्या, हा माणूस पहिल्यापासून सांगत होता, असं म्हणत. पुढच्या शनिवारी स्टँडमध्ये फर्नेसवाला मास्तरांना सांगत होता, "अहो, तो धडकेला घाबरतो. सगळ्यांना दिसतंय." शब्द माझे होते. जसेच्या तसे. मी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं. शेजारी हे चिडून मला म्हणाले, "कोण हलकट ही असली आग लावतो कुणास ठाऊक." मी म्हटलं, "जाऊ द्या हो."

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, इथे ती ऑक्टोबरात असते, तो घरी आला. मी पुरणपोळी केली होती. दंडावर हिरवे-निळे वळ होते, ते दिसू नयेत म्हणून घरातसुद्धा जॅकेट घालून बसला. मी मीठ-मोहरी घेतली, त्याच्यावरून ओवाळली आणि शेगडीच्या तापलेल्या कॉइलवर टाकली, तर स्मोक अलार्म केकाटायला लागला. हे खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतायत आणि तो हसून हसून लोळतोय. "आई, यू आर क्रेझी." खूप दिवसांनी इतका हसला. मग जेवताना म्हणाला, कोचने प्लॅन बदललाय. आता तो जास्त पळणार. पळता पळता क्वार्टरबॅक पाय पुढे टाकून खाली घसरला की त्याला कुणी धडक मारायची नाही, असा नियमच आहे, पण हा आता घसरणार नाही. मी विचारलं, "का?" तर म्हणाला, "बिकॉज दे थिंक आयॅम स्केअर्ड. एव्हरीबडी." हे म्हणाले, "बरोबर आहे, दाखव एकदा त्यांना." मी म्हटलं, "एव्हरीबडी म्हणजे कोण? बाहेरचे लोक काहीही बोलतात." तो म्हणाला, "सम गाय ऑनलाइन. तोच पहिल्यांदा बोलला. अँड ही वॉज राइट, आई." मी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. तूप वाढलं.

त्याच संध्याकाळी मी ते खातं बंद केलं. त्याने काय होणार होतं म्हणा.

गेल्या शनिवारी तो पळाला. आई, तू असतीस तर डोळ्यांवर पदर घेतला असतास. समोरून दोघं धावत येतायत, हा घसरत नाही, मान खाली घालून सरळ त्यांच्यात घुसतो. एकदा, दोनदा, पुन्हा. सगळं स्टँड उभं राहिलं. फर्नेसवाला आपला शब्द गिळून ओरडत होता, पळवू नका म्हणणारे मास्तरच आता म्हणत होते, बघा, कोचला अक्कल आली शेवटी. एका डावाला असा आवाज आला की मला तो वरपर्यंत ऐकू आला. हेल्मेटवर हेल्मेट. तो उठला. हात वर केला. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि मग तो चालत निघाला तो समोरच्या टीमच्या बाकाकडे. चार-पाच पावलं गेला असेल, त्यांच्याच एका पोराने त्याला खांद्याला धरून वळवलं. सगळ्यांना वाटलं गंमत करतोय. हेही हसले. फिजिओ त्याच्याशी काहीतरी बोलला, त्याने मान हलवली आणि पुढच्या डावाला पुन्हा आत गेला. आपण जिंकलो. आता सेमीफायनल.

मॅचनंतर त्याला घेऊन आम्ही फोच्या, म्हणजे व्हिएतनामी नूडल-सूपच्या, हॉटेलात गेलो. तो वाडग्याकडे बघत बसला होता. दिवे फार आहेत म्हणाला. मग मला विचारलं, "आई, आपण जिंकलो ना?" मी म्हटलं, "हो रे राजा." सूप आल्यावर पुन्हा विचारलं, तेच, त्याच आवाजात. हे म्हणाले, थकलाय. होस्टेलवर सोडताना त्याने माझा हात धरला आणि मराठीत म्हणाला, एवढं सबंध वाक्य तो मराठीत कधी बोलत नाही, "आई, तू कुणाला काही सांगू नकोस." म्हणजे डोक्याला मार लागलाय हे त्यालाही ठाऊक आहे. त्या फिजिओचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, मोसमाच्या सुरुवातीला सगळ्या आयांना दिलेला. मी सांगितलं की त्याला बाहेर बसवतील, या मोसमापुरतं तरी. कदाचित कायमचं. नाही सांगितलं तर उद्या तो पुन्हा मान खाली घालून घुसेल.

आज शुक्रवार. सोमवारपासून रोज लंचमध्ये तो नंबर काढते. रोज आधी ते पान उघडते, म्हटलं एकदा बघू काय लिहितायत, मग करू फोन. आणि लोकांनी असं काही लिहिलंय, आई. इतक्या वर्षांत असा धाडसी पोरगा पाहिला नाही म्हणतात. माझं नाव नाही, पण एकाने लिहिलंय, याच्या आईबापांना हात जोडले पाहिजेत. मी वाचते, पुन्हा वरून वाचते, आणि लंच संपतो. कुणाला मोडून काढावं, चार वाकडे शब्द लिहावेत असं वाटत नाही. हे सगळं तुला लिहितेय तेही त्याच अर्ध्या तासात, सँडविच तसंच पडलंय.

तुला म्हणून सांगते, त्याने उद्या खेळावं असं मला वाटतंय.